प्रकल्प नोंदी: रत्नागिरी–मालवण–रत्नागिरी, एका दिवसात

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल अनंत चतुर्दशी झाली, पाहुणेमंडळी मुंबईच्या गाड्यांना बसली, आणि आज ही वही काढली. काम एकच आहे. डिसेंबरात रत्नागिरीहून सायकलने, किनाऱ्याच्या रस्त्याने मालवणला जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं.

वेळेची मर्यादा मी ब्रेवेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, धरली आहे. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांत २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. जेवण, पंक्चर, डुलकी सगळं त्यातच. माझी ही राइड अधिकृत नाही, हातात कार्ड नाही की कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का नाही. पण पुढे ऑडॅक्स इंडियाच्या कॅलेंडरमधली या अंतरांची मालिका करायची आहे, म्हणून सवय त्याच घड्याळाची हवी.

रस्ता असा: पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर, पडेल, देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. महामार्गाने गेले तर चढ सौम्य मिळतील, पण रात्री ट्रकांच्या शेजारून चालवायचं नाही हे पक्कं.

या रस्त्यावर उंच घाट एकही नाही. तरीही पाय मोडतात, कारण दर खाडीला समुद्रसपाटीवर उतरायचं, पूल ओलांडायचा आणि लगेच पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चढायचं. चढ लहान पण उभे, आणि दिवसभर संपतच नाहीत. त्यात खारी हवा, जांभ्याची लाल धूळ, सायीसारखा डांबराचा पट्टा मध्येच संपून सुरू होणारी खडी. सायकलीच्या सामानाबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेच्या आणि लांब सपाट रस्त्यांच्या मुलखातून आलेलं असतं. आपल्या किनाऱ्यावर काय टिकतं ते इथलं पाणी, इथला रस्ता आणि इथलं दुकान बघूनच ठरवायला हवं. या वहीत तेवढंच करायचं आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

सायकल पूर्ण उघडली. फ्रेम चांगली आहे, डिस्क ब्रेक आहेत, ३२ मिलिमीटरचा टायर मावतो. पावसाळ्याने काय केलं ते मात्र बघण्यासारखं होतं.

चेन पोलादी पट्टीने मोजली. नव्या चेनच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच वाढ म्हणजे अर्धा टक्का झीज. अकरा गिअरच्या चेनला तिथेच रजा द्यावी, नाहीतर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचे, दात खायला लागते आणि शंभरांच्या कामाचे हजार होतात. माझी चेन त्या पलीकडे गेली आहे. बदलणार.

खरी गोष्ट चाकांची. सायकलीबरोबर आलेली ही चाकं २४ स्पोकची, अॅल्युमिनियमच्या निपलची (स्पोक रिमशी आवळणारी छोटी नटं). मागच्या चाकाला थोडा आउट, म्हणजे फिरताना डगमग, होता म्हणून चावी लावली, तर निपल फिरेना. तेल घालून रात्रभर ठेवलं होतं. जोर दिल्यावर एक फिरला आणि दुसरा चौकोनी कडांवरून चुरगळला. बाहेर पांढरी भुकटी. स्टेनलेसचा स्पोक, अॅल्युमिनियमचा निपल आणि मध्ये खारट ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये विजेचा खेळ सुरू होतो आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पुण्यात हेच चाक कितीतरी वर्षं चाललं असतं.

आउट काढता येत नाही असं चाक तीनशे किलोमीटरला नेणार नाही. नवी चाकं हवीत.

२९ सप्टेंबर, रविवार

भाचा पॉलिटेक्निकमधून घरी आला होता. त्याच्या मते मावशीने कार्बनची खोल रिम घ्यावी. मी म्हटलं, बस, आकडे मांडू.

मी, सायकल, पाणी आणि सामान मिळून ८० किलो धरले. आठ टक्क्यांचा चढ, पायडल मिनिटाला ६० फेरे. पुढे ३४ दात, मागे ३४ दात असतील तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. ३२ मिलिमीटरच्या टायरचा घेर सुमारे २.१५५ मीटर, म्हणजे सेकंदाला तेवढेच मीटर, ताशी पावणेआठ किलोमीटर. त्याला १४५ वॅटच्या आसपास ताकद लागते. मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची असेल तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी ९.४ किलोमीटर जावं लागतं आणि लागतात १७५ वॅट. एका चढावर हा तीस वॅटचा फरक सोसता येतो. सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक खाडीनंतर सोसायचा म्हटला तर आचऱ्याला पोचेपर्यंत मांड्या संपतात. कमी ताकदीत २८ दातांवर चढायचं तर पायडल पन्नासच्या खाली जातं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

मग चाकाचं वजन घेतलं. चाकांची जोडी अर्धा किलो हलकी मिळाली तर त्याच चढावर किती वाचतं? ८० मधला अर्धा किलो म्हणजे १४५ मधला ०.९ वॅट. एक वॅटसुद्धा नाही. भाचा म्हणाला, "पण मावशी, फिरणारं वजन दुप्पट मोजतात." बरोबर आहे, पण ते वेग वाढवताना. संथ, एका लयीत चढताना फिरणारं आणि न फिरणारं वजन सारखंच.

खोल रिमचा फायदा वाऱ्याशी आहे. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३५ ला जेवढी लागते, २० ला तिचा पाचवा भागही लागत नाही. माझी दिवसाची सरासरी २० च्या वर जाणार नाही. उलट पुलावर आणि उघड्या सड्यावर बाजूचा वारा खोल रिम धरून हँडल ओढतो. भाच्याने वहीतले आकडे पुन्हा तपासले आणि मग स्वतःच दुकानात कॅसेटची चौकशी केली.

ठरलं: ११-३४ ची कॅसेट, पुढे ५०-३४ आहे तेच. त्याला लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लागेल. चाकांवर पैसे घालायचे ते मजबुतीसाठी आणि दुरुस्तीसाठी.

६ ऑक्टोबर, रविवार

सुट्या भागांची यादी दिली. अॅल्युमिनियमची दुहेरी भिंतीची रिम, ३२ भोकांची, आतून २१ मिलिमीटर रुंद, कडेला टायर धरणारा हूक असलेली. हूक नसलेल्या रिमवर हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास, आणि टायरही त्या रिमला चालणाराच हवा. आडगावात मिळेल तो टायर चढवायची वेळ आली तर ती अट नको. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, सीलबंद बेअरिंगचे, बेअरिंगचा नंबर सगळीकडे मिळतो तोच. स्पोक स्टेनलेस, डोक्याशी वाकवलेले साधे. सरळ ओढीचे किंवा चपटे नकोत, कारण तुटला तर तसा दुसरा जिल्ह्यात मिळणार नाही. निपल पितळी. पितळी निपल चाकांच्या जोडीला चाळीसेक ग्रॅम जास्त भरतात आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं फिरतात.

स्पोक दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मध्ये १.८ असे घेतले. बारीक मधला भाग ऐकायला दुबळा वाटतो, काम मात्र उलट करतो. चाक जमिनीला टेकतं तिथे रिम किंचित दबते आणि खालच्या स्पोकचा ताण उतरतो. मध्ये बारीक असलेला स्पोक आधीच जास्त ताणलेला, म्हणजे लांबलेला असतो. म्हणून रिम दबली तरी तो पूर्ण सैल पडत नाही. सैल पडून पुन्हा ताणला जाणं हेच स्पोकला मारतं, आणि तो तुटतो तोही बहुधा डोक्याजवळच्या वाकणाशी. तीनशे किलोमीटरमध्ये चाकाचे १ लाख ३९ हजार फेरे होतात. प्रत्येक स्पोक तेवढ्या वेळा उतरतो आणि चढतो.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. मारुती मंदिराजवळच्या दुकानातल्या काकांनी सगळी हत्यारं पुजली होती. चावीला अजून हळद लागलेली. त्यांनी आयुष्यभर दुधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या सायकली बांधल्या आहेत. डिस्कच्या हबवर त्यांचा हात फार बसलेला नाही, पण चाक त्यांना समजतं. मी शेजारी बसून वही धरली.

आधी माप. रिममध्ये समोरासमोर दोन स्पोक घालून खरा आतला व्यास मोजला, कारण छापील आकड्यावर काका विश्वास ठेवत नाहीत. हबच्या फ्लँजचा (स्पोक अडकतात त्या कडेचा) व्यास, तिचं मध्यापासूनचं अंतर, आणि प्रत्येक स्पोक दुसऱ्यांना तीनदा ओलांडतो ते तीन काटछेद. यावरून स्पोकची लांबी काढली. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या स्पोकमध्ये दोन मिलिमीटरचा फरक आला. उजवीकडे कॅसेटमुळे फ्लँज आत सरकलेला असतो, म्हणून त्या बाजूचे स्पोक उभे आणि जास्त ताणाचे. डावीकडचे तिरपे आणि कमी ताणाचे. पुढच्या चाकात हेच डावीकडे, डिस्कच्या बाजूला.

विणताना काकांनी प्रत्येक स्पोकच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावलं. सगळे निपल आटे झाकले जाईपर्यंत सारखे फिरवले आणि मग स्टँडला लावलं. मी लगेच बाजूचा आउट बघायला लागले तर म्हणाले, "बाई, आधी वर-खाली काढू. आजूबाजूचं मग." कारण सरळ आहे. ताण वाढत गेला की चाकाचा गोलपणा दुरुस्त करणं अवघड होत जातं, बाजूचा आउट मात्र शेवटीही निघतो. मधूनमधून रिम हबच्या मध्यावर आहे का ते पट्टीने बघितलं. पाव फेऱ्याहून जास्त चावी एका वेळी फिरली नाही.

ताण मोजायला भाच्याने मित्राकडून मीटर आणला होता. काका स्पोक बोटांनी वाजवून सांगत होते आणि मीटर त्यांच्या मागून येत होता. मागच्या उजव्या बाजूला ११५ किलोच्या आसपास, डाव्या बाजूला ७५ च्या आसपास. रिमची मर्यादा १२० आहे. आकडा किती, याहून एका बाजूचे सगळे स्पोक एकसारखे आहेत का हे मोठं. एखादा ढिला राहिला की शेजारच्या दोघांवर त्याचं काम पडतं.

मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळल्या. कुरकुर आवाज आला, वळलेले स्पोक सुटले, डोकी फ्लँजमध्ये नीट बसली. पुन्हा स्टँड, पुन्हा थोडा आउट, पुन्हा आवळणं. आवाज थांबेपर्यंत हे चाललं. दुपारची चहाची वेळ टळून गेली. शेवटी बाजूचा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. उरलेले चार स्पोक प्रत्येक लांबीचे, मापाची चिठ्ठी बांधून, एक जोडी दुकानात आणि एक घरी ठेवली.

माझ्या मते या प्रकल्पात आत्तापर्यंत सर्वांत योग्य ठिकाणी गेलेले पैसे हे काकांची मजुरी. डब्यातून आलेलं चाक कितीही महाग असो, ते कोणी आणि कसं ताणलं हे मला कळत नाही. या चाकातला प्रत्येक स्पोक माझ्यासमोर ताणला गेला आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड आणि परत. ऑक्टोबरचं ऊन. आरे-वारेच्या चढाला ३४-३४ वर बसून चढता आलं, उभं राहावं लागलं नाही. परत आल्यावर ताण तपासला: दोन डावे स्पोक किंचित उतरले होते, पाव फेरा दिला. नव्या चाकाला पहिल्या फेरीनंतर एवढं लागतंच.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज आटोपली. टायरचा विषय.

२८ आणि ३२ दोन्ही चालवून बघितले. आमच्या रस्त्यावर ३२ च. रुंद टायरला हवा कमी लागते, खडबडीवर तो उडत नाही, चिकटून चालतो. जी ताकद अंगाला हादरे देण्यात जाते ती वाचते. ८० किलोला मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास येऊन थांबले. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही, पंपावर मीटर हवाच.

ट्यूबलेसचा बराच विचार केला. बारीक तार किंवा काच घुसली तर आतलं लॅटेक्सचं द्रव भोक बुजवतं, हा फायदा मोठा आहे आणि पावसाळ्यात तर फारच. पण उष्णतेत ते द्रव लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी भरावं लागतं. आणि मोठा काप गेला तर अंधारात चिकट टायर रिमवर बसवायचा आणि छोट्या पंपाने तो कडेला बसेल अशी प्रार्थना करायची. मला ट्यूब डोळे मिटून बदलता येते. म्हणून ट्यूब. दोन जास्तीच्या, शिवाय ठिगळं आणि सोल्युशन.

वाटेतल्या दुकानांत पंक्चर निघेल, पण टायर मिळणार नाही. गावातल्या दांडीच्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, माझी रिम ६२२ ची. तेरा मिलिमीटरचा फरक कुठल्याही जुगाडाने भरत नाही. म्हणून टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा कापून पिशवीत टाकला.

१० नोव्हेंबर, रविवार

कपडे आणि पाणी. हा विषय बायका आपसात कुजबुजत बोलतात, तो इथे सरळ लिहिते.

गादीची चड्डी खांद्यावरून पट्टे असलेली घ्यावी. कमरेचं इलॅस्टिक पोटात रुतत नाही. आत दुसरं काही घालायचं नाही, कारण शिवणी घासतात. मलम त्वचेला आणि गादीला दोन्हीकडे लावायचं. मालवणला दुसरी कोरडी चड्डी बदलायची. आमच्या हवेत घाम वाळत नाही आणि ओल्या गादीवर दुसरे दीडशे किलोमीटर म्हणजे फोड नक्की. सॅडल बसण्याच्या हाडांच्या अंतराप्रमाणे घ्यायचं असतं. पुठ्ठ्यावर बसून उमटलेल्या दोन खळग्यांचं अंतर मोजलं, तर माझं जुनं सॅडल अरुंद निघालं. ते बदललं, आणि मऊ गादीचं मुद्दाम घेतलं नाही. मऊ सॅडलमध्ये हाडं रुततात आणि दाब नको तिथे येतो. हँडलवर टेपचे दोन थर, बोटं बधिर होऊ नयेत म्हणून.

सुती सदरा घरी. पातळ पॉलिस्टरचा, पूर्ण बाह्यांचा.

पाण्यासाठी राइडच्या आधी आणि नंतर वजन केलं, प्यायलेलं पाणी त्यात मिळवलं. एक किलो म्हणजे एक लिटर घाम. दुपारच्या उन्हात माझा तासाला जवळपास लिटर जातो. तेवढं सगळं पिऊन भरून काढायचं नसतं, पण ६०० ते ७५० मिलिलिटर तरी हवं, आणि मिठासकट. नुसतं साधं पाणी दिवसभर ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं. एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तसं लिटरला एक. अर्ध्या पाण्यात घट्ट करायचं नाही. दुसऱ्या बाटलीत कोकम सरबत, नेहमीपेक्षा मीठ जास्त. ते तोंडाला कंटाळा आणत नाही, आणि दहाव्या तासाला पिणं चालू राहतं ते चवीमुळेच.

१७ नोव्हेंबर, रविवार

जयगडहून फेरीने तवसाळ, पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर आणि तसंच परत. फेरीबोटीच्या डेकवर खारं पाणी असतं. घरी येताच गोड्या पाण्याने सायकल धुतली. पाइपचा जोर बेअरिंगवर धरायचा नाही, तांब्याने ओतलं तरी पुरतं. पुसून चेनला तेल.

खाण्याची परीक्षा झाली. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे ध्येय. दोन मोठी केळी किंवा एक केळं आणि फणसपोळीचा चांगला तुकडा. नाचणीचा लाडू पहिल्या काही तासांत छान, नंतर घशाखाली उतरत नाही. निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि तूप घालून. यापेक्षा चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान, त्यामुळे केंद्रावर ड्यूटी. सायकल नाही. झोप काढली.

२४ नोव्हेंबर, रविवार

देवगडपर्यंत जाऊन परत. दोनशेच्या जवळपास. चाकं जशीच्या तशी.

वारा नीट टिपून ठेवते, कारण यावर वेळापत्रक ठरेल. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलकं वारं असतं, त्याचा त्रास नाही. अकरानंतर समुद्रावरून वायव्येचं वारं उठतं आणि दुपारभर वाढत जातं. दक्षिणेला जाताना ते पाठीवर, परतताना तोंडावर. सूर्य कलला की पडतं. म्हणजे पहाटे चारला निघून दुपारी दीडपर्यंत मालवण गाठायचं, तिथे जेवून ऊन आणि वारा दोन्ही कलेपर्यंत थांबायचं, आणि परतीचा जोर संध्याकाळनंतर लावायचा. मालवणला पोचायची मर्यादा ताशी १५ च्या हिशेबाने दुपारी दोन.

७ डिसेंबर, शनिवार

रात्रीचा सराव, पूर्णगडपर्यंत.

उतारावर ताशी ३५ असेल तर सेकंदाला पावणेदहा मीटर. काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे पंधरा मीटर. थांबायला आणखी पंधरा. दिव्याने तीस मीटर पुढचा खड्डा दाखवलाच पाहिजे, नाहीतर वेग कमी. माझा दिवा मधल्या जोरावर तेवढं दाखवतो, पण त्या जोरावर बॅटरी पाचेक तास पुरते. डिसेंबरात उजाडतं सातला, मावळतं सहाला. पहाटेचे तीन आणि रात्रीचे सहा तास दिवा लागणार. म्हणून दुसरा दिवा हेल्मेटवर आणि पॉवर बँक. मागे दोन लाल दिवे, अंगात चमकणारं जाकीट. ब्रेवेच्या नियमांतही रात्री हे लागतंच.

सड्यावर गवे येतात. चमकणारे डोळे दिसले तर थांबायचं, घंटी वाजवायची नाही, त्यांना जाऊ द्यायचं. उतारावर बसलेली गुरं याहून जास्त धोक्याची, कारण ती हलतच नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सॅडलखालच्या पिशवीत दोन ट्यूब, ठिगळं, दोन लिव्हर, चावीचा संच त्यात चेनतोड, अकरा गिअरची जोडकडी, स्पोकची चावी, टायरचा तुकडा, डिरेलरचा हँगर, ब्रेक पॅडची एक जोडी. स्पोक फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधले. पुढच्या पिशवीत खाणं, ओआरएस, कोरडी चड्डी, पातळ जाकीट. पैसे सुटे, सड्यावर नेटवर्क जातं, तिथे फोनने पैसे देता येत नाहीत.

हवा ५५ आणि ५०. शाळेत उद्याची रजा मंजूर आहे.

१५ डिसेंबर, रविवार

झालं. काल पहाटे चारला निघाले, रात्री बाराच्या आत घरी.

पूर्णगडच्या पुलावर थंडी वाजली, सड्यावर चढताच गेली. कशेळीच्या सड्यावर उजाडलं. इथे कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या पोटात कितीतरी इतर प्राणी कोरलेले. परतीच्या आखणीत त्याला वेळ नव्हता, म्हणून फक्त त्या बाजूला बघून पुढे गेले. जैतापूरच्या पुलावर अंगातलं जाकीट उतरवलं. देवगडला पोहे आणि दोन कप चहा. मिठबावच्या आधी मागच्या चाकात तार घुसली. टायर आतून बोटाने चाचपून तार काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, तसं केलं आणि पुढे काही झालं नाही.

आचऱ्याच्या टपरीवर म्हातारीने विचारलं, "खयसून इलंस गो बाय?" रत्नागिरी म्हटल्यावर तिने उकळतं पातेलं खाली उतरवलं. "आनि आजच परत जातलंस?" हो म्हटलं. पैसे घेतलेच नाहीत, वर दोन केळी हातात दिली.

मालवणला दीडच्या थोडं आधी. मासे खायचा मोह आवरला. भात, डाळ, ताक. कपडे बदलले, पाठ टेकली. साडेतीनला निघाले तरी वायव्येचं वारं तोंडावर होतंच, कुणकेश्वरपर्यंत त्याने वेग खाल्ला. सूर्य बुडाल्यावर पडलं. चंद्र जवळजवळ पुरा होता, पडेलच्या पुढे सडा असा उजळलेला की हेल्मेटवरचा दिवा बंद करून चालवलं. सर्वांत कठीण भाग आडिवऱ्यानंतरचा. पाय ठीक होते, खाणं नकोसं झालं होतं. तिथे कोकम सरबताने तारलं. शेवटच्या चढांनाही ३४-३४ वर बसूनच चढले.

१७ डिसेंबर, मंगळवार

सायकल काकांकडे नेली. मागच्या चाकाचा आउट मोजला, होता तेवढाच आहे. ताण सगळीकडे सारखा, एकाही स्पोकला चावी लावावी लागली नाही. पितळी निपल एक-दोन मुद्दाम हलवून बघितले, लोण्यासारखे फिरले. चेन अजून पाव टक्क्याच्याही आत. मागचे ब्रेक पॅड मात्र निम्मे गेले. लाल धुळीत रेझिनचे पॅड झिजतात, पुढचे धातूचे घालायचे. आवाज जास्त करतात, चालेल. मागच्या टायरमध्ये तारेचा काप छोटाच, टायर राहू दे.

चारशे किलोमीटरच्या ब्रेवेसाठी एकच मोठा बदल हवा. त्याला रात्र पूर्ण पडते आणि पॉवर बँकेवर दिवा, फोन दोन्ही चालवणं पुरणार नाही. पुढच्या चाकात डायनॅमो हब, म्हणजे फिरताना वीज करणारा हब, घालायचा: ६ व्होल्ट, ३ वॅट, चालवताना किंचित ओढ देतो पण दिवा विझत नाही. ३२ भोकांचाच मिळतो आहे, म्हणजे रिम तीच राहील, फक्त स्पोक नवे. फ्लँजची मापं काकांना लिहून दिली. नाताळच्या सुट्टीत बसू म्हणाले, तोवर लांबी काढून ठेवतील.